सोनिकानं दिलेला नंबर

२ फेब्रुवारी, सोमवार

सगळं बदललं ते आज सकाळी, सोनिकानं काउंटरच्या पलीकडून एका अनोळखी बाईला माझा नंबर दिला त्या क्षणी.

आमच्या गल्लीतल्या लंगडीसाठी मलम घ्यायला मी सक्करदऱ्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो होतो. लंगडी म्हणजे कुत्री. तिला मालक नाही, म्हणून मीच. माझ्या पुढे एक बाई होत्या. त्या बँकेत नोकरीला, कुत्रा दिवसभर घरात एकटा, आणि त्यानं सोफ्याचा एक हात खाऊन टाकला. यावर गोळी आहे का, असं त्या विचारत होत्या. सोनिका इंजेक्शनांचे डबे लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, याच्यावर गोळी नाही, माणूस पाहिजे. एक पोट्टा आहे. फिरवते, खाऊ घालते. घ्या नंबर." आणि माझा नंबर घडाघडा सांगितला. कुठं बघितलं नाही, काही नाही.

"भरवशाचा आहे का?"

"माझ्या भरवशावर घ्या."

बाईंनी तिथंच फोन लावला आणि तो माझ्या खिशात वाजला.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "मी असं काम करतो हे तुले कोणं सांगितलं?"

"साऱ्या सक्करदऱ्याचे कुत्रे फुकटात सांभाळून राहिला नं तू? आता पैसे घेऊन सांभाळ."

तिला माझा नंबर पाठ कसा, याचा मी घरी येईपर्यंत विचार केला. लंगडीच्या कार्डावर लिहिलेला आहे, त्यावरून असेल. काउंटरवर बसणाऱ्यांना असे नंबर पाठ होतच असतात. उगाच काही समजून घेण्याइतका मी बावळट नाही. तिनं मलमाचे पैसे घेताना माझ्याकडे बघितलं, ते सुटे पैसे हवे होते म्हणून. तरी जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या बँकवाल्या भावना मॅडमनी आज घराची किल्ली दिली. त्यांच्या कुत्र्याला, बंटीला, दुपारी खाऊ घालायचं, संध्याकाळी फिरवायचं.

गेल्या वर्षी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून आलो. का, ते इथं लिहीत नाही. लिहिलं की डोकं तापतं. तेव्हापासून बाबा माझ्याशी वरणात मीठ आहे की नाही एवढंच बोलतात. नातेवाइकांच्या लग्नात आई मला पंगतीत वाढायला पाठवते, म्हणजे कोणी काय करतोस विचारायला नको. आणि इकडे चार दिवसांच्या ओळखीवर एका बाईनं मला अख्खं घर दिलं. किल्लीला प्लास्टिकचा संत्रा लटकवलेला आहे. रस्ताभर मुठीत धरून आलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बंटी आज जवळ आला! इतके दिवस पलंगाखालून गुरगुरत होता.

माझी पद्धत एकच आहे. जमिनीवर बसायचं, त्याच्याकडे पाठ करून. बघायचं नाही, हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही. आपलं काहीतरी करत राहायचं. मी पेपर मोठ्यानं वाचतो. जनावराला वाटतं, याचं आपल्याकडे काही काम दिसत नाही. मग ते स्वतःच चौकशीला येतं. हे मला लंगडीनं शिकवलं. बंटी आला तेव्हा मी लग्नाच्या हॉलच्या जाहिरातीपर्यंत पोचलो होतो.

सोनिकाला सांगितलं तर तिनं पेन खाली ठेवलं. "आणि चिडलेलं असलं तर?"

"तेव्हा तर हेच. चिडलेलं म्हणजे आतून भ्यालेलं असते. समजवाले गेलं का चावते."

"किती वेळ बसा लागते मग?"

"त्याच्या मर्जीवर आहे."

"बाप्पा! लई धीर पाहिजे," ती म्हणाली आणि एकटीच हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

मी विचारलं, तुमच्या घरी कुत्रं आहे का? ती खापरखेड्याहून येते, वडील तिथं पॉवर स्टेशनात आहेत, तिथल्या क्वार्टरला अंगण असतं. म्हणाली, "आमच्या बाबाले कुत्रं अंगणातबी चालत नाही. गेटापासूनच हाकलतेत." वाईट वाटलं. एवढी जनावरांत राहणारी पोरगी आणि घरी काही नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरं गिऱ्हाईक. भावना मॅडमच्या वरच्या मजल्यावरचे चंपतराव. त्यांच्या लॅब्राडोरचं नाव सुलतान आणि तब्येतही तशीच. मॅडमनी लिफ्टमध्ये माझं नाव सांगितलं म्हणे.

पहिल्याच सकाळी भानगड झाली. चंपतराव सुलतानला घेऊन कोपऱ्यावरच्या ठेल्यावर गेले, तर्री पोहे घेतले, आणि अर्धी प्लेट खाली ठेवली. वर तर्रीचा लाल तवंग! मी प्लेट उचलली.

"काका, याले मारून टाकायचं आहे का तुम्हाले?"

"काय झालं बे? लहानपणापासून खाते तो."

"म्हणूनच जिना चढत नाही नं तो! पोट पाहा त्याचं. आणि तुमचंबी पाहा."

ठेल्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. ठेलेवाला म्हणाला, "भाऊ, माझा धंदा कायले बसवतो?" चंपतराव लालेलाल. मला वाटलं गेलं गिऱ्हाईक. पण ते घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि दारात म्हणाले, "उद्या लवकर ये. ऊन व्हायच्या आधी." मी गेल्यावर परत ठेल्यावर जाऊन त्यांनी स्वतःची प्लेट पूर्ण केली असणार, पण सुलतान नव्हता सोबत. तेवढं पुरे.

सोनिकाला हे कसं कळलं माहीत नाही. म्हणाली, "लोकांवर ओरडत जाऊ नको रे. मी नाव देते तेव्हा तुझं नाही देत, माझं देते."

दिवसभर हे वाक्य डोक्यात फिरलं. म्हणजे तिला तिच्या नावाचीच काळजी. बरोबर आहे. माझी कशाला करेल?

७ मार्च, शनिवार

धुळवड होऊन गेली तरी कुत्र्यांच्या अंगचा रंग उतरेना. बंटी अजून गुलाबी आहे. कोणी कुत्र्याला रंग लावताना दिसला तर त्याला टाकीत बुडवून काढेन.

सोनिकाच्या कानामागे हिरवा रंग राहिला होता. सांगितलं नाही. दिवसभर तसाच राहावा असं वाटलं.

११ मार्च, बुधवार

काल नवीन टॉवरमध्ये एका घरी गेलो. नंबर चंपतरावांनी दिला होता. घर चकचकीत, कुत्रा पांढराशुभ्र, गुबगुबीत, आल्याबरोबर माझ्या हाताला लागला चाटायला. सगळं ठरलं. वेळ ठरली, पैसे ठरले. मग साहेब म्हणाले, "प्रशिक. बरं. पूर्ण नाव?"

सांगितलं.

"अच्छा. अच्छा," दोनदा म्हणाले. "कळवतो हं."

आज सकाळी मेसेज आला, की दुसरी व्यवस्था झाली. मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. वॉचमन फिरवत होता कुत्र्याला, दोरी गळ्याला काचेल अशी ओढत. त्या कुत्र्यानं लांबून मला ओळखलं आणि शेपटी हलवली. त्याला काय माहीत पूर्ण नाव.

आईला सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नसते. तिनं ताटात एक पोळी जास्त वाढली.

२१ मार्च, शनिवार

यमुताई आणि गिरिधरराव पाठक. मानेवाडा रोडवर मोठी सोसायटी आहे, तिथं दोघंच राहतात. ते सरकारी कचेरीतून निवृत्त. सकाळी तलावावर चंपतरावांसोबत फिरतात. यमुताईंनी आधी दवाखान्यात जाऊन सोनिकाला विचारलं, माझ्याबद्दल. सोनिकानं काय सांगितलं कोण जाणे, पण मी दारात उभा राहिल्यावर यमुताई मला नीट बघून म्हणाल्या, "असं होय! मला वाटलं अजून उंच असशील."

मांजर आहे. संत्र्याच्या बर्फीसारख्या रंगाचं, नावही बर्फी. मी पाठ करून बसलो. यमुताईंनीही काही विचारलं नाही, बाजूला बसून मेथी निवडत राहिल्या. बर्फी चपला हुंगून गेली. पहिल्या दिवशी तेवढं खूप आहे.

पाच एप्रिलला दोघं पुण्याला जाणार आहेत, मुलीकडे, महिनाभर. तेवढे दिवस बर्फी माझ्याकडे. यमुताई म्हणाल्या, "हे नीट पार पडलं ना, की बघ. या सोसायटीत कुत्री-मांजरं किती आहेत मोज. सुट्ट्या लागल्या की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. आणि इथं कामवालीपासून कुकरच्या रिंगेपर्यंत सगळं माझ्या सांगण्यावरून येतं."

हे जमलं तर धंदा उभा राहिला. जमलं नाही तर मी, बंटी आणि सुलतान.

सोनिकाला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मालूम आहे मले. पेढे आण." पेढे आणले. तिनं एक खाल्ला, एक कागदात बांधून पर्समध्ये टाकला. कोणासाठी नेला? रात्रीचं जेवण बेचव लागलं.

२८ मार्च, शनिवार

संपलं.

किल्ली घ्यायला गेलो होतो. ती माझ्या हातात देऊन यमुताई स्वयंपाकघरात गेल्या. गिरिधरराव चष्मा लावून, पेन उघडून बसलेले. म्हणाले, "हं. पूर्ण नाव सांगा."

माझे कान तापले. त्यांच्या तोंडावर मला त्या टॉवरवाल्याचं तोंड दिसायला लागलं.

"मांजराले खाऊ घालाले पूर्ण नाव कायले लागते काका?"

"अहो, सगळ्यांचंच विचारतो आम्ही."

'आम्ही' म्हणे! मी किल्ली टेबलावर ठेवली. ठेवली कसली, टाकली. म्हटलं, "मग तुमच्या पसंतीच्या नावाचा माणूस शोधा," आणि निघालो, आणि दार असं आपटलं की बाहेरची नावाची पाटी एका खिळ्यावर लोंबायला लागली. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. थांबलो नाही.

लिफ्टपर्यंत फार बरं वाटलं. लिफ्ट खाली पोचेपर्यंत कमी झालं. आता लिहिताना अजिबात वाटत नाही. पण मी काही चूक बोललो का? एकदा कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

२९ मार्च, रविवार

सकाळी यमुताईंचा दवाखान्यात फोन आला. दाराच्या आवाजानं बर्फी जी उडाली ती फुलदाणी पाडून बाथरूमवरच्या माळ्यावर गेली. कालपासून खाली नाही, पाण्याला तोंड नाही. गिरिधरराव स्टुलावर चढायला गेले तर तिनं हात ओरबाडला. हा फोन डॉक्टरांनीच उचलला. मग सोनिकाला सगळ्यांसमोर म्हणाले, की काउंटर औषधं द्यायला आहे, ओळखीच्या पोरांची भरती करायला नाही. परत असं झालं तर तू दुसरीकडे नोकरी बघ.

हे मला कंपाउंडरनं दारातच सांगितलं. मी आत गेलो आणि सोनिकाला सगळं सांगायला लागलो. तो टॉवरवाला, पूर्ण नाव, "आम्ही", सगळं. आवाज चढला असेल. तिनं एकदाही मधे तोडलं नाही. खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि गोळ्यांच्या पट्ट्या मोजायला लागली. मोठ्यानं! मी बोलतोय आणि ती मोजतेय. मी बाकावर बसलो. ती मोजतेय. मी गप्प झालो. तरी मोजतेय. शेवटी मीच उठून काउंटरपाशी गेलो आणि म्हटलं, "बर्फी उतरली का?"

तेव्हा ती वळली. डोळे लाल होते.

"नाही उतरली. तुझं बरोबर असन, प्रशिक. मी नाही म्हणत का तू चूक आहे. पण दार तू कोणावर आपटलं? तिनं विचारलं होतं का तुले नाव?"

मी काउंटरवरच्या पट्ट्या सरळ करायला लागलो.

"माझ्या भरवशावर घ्या म्हटलं होतं मी. एकच भरवसा आहे गा माझ्याजवळ. दुसरा नाही."

इतका वेळ तिनं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, हेच मनाला लागलं. मी तिच्यासाठी काउंटरवरच्या चार लोकांतला एक, दुसरं काय. पण भरवशाचं ती बोलली ते खरं आहे. तिचा शब्द माझ्यामुळे गेला. तो मलाच परत आणून द्यावा लागेल. नंतर तिनं तोंड बघितलं नाही तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण काय करता?

३० मार्च, सोमवार

गेलो. बेल वाजवली. पाटी तशीच लोंबत होती.

यमुताईंनी दार उघडलं. मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी नाही आलो. बर्फीसाठी आलो."

"तिच्यासाठीच ये. आम्ही काही माळ्यावर नाही बसलेलो," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाथरूमसमोरच्या बोळात जमिनीवर बसलो, माळ्याकडे पाठ करून. पेपर वाचायला लागलो. थोड्या वेळानं मागे पावलं वाजली. गिरिधरराव. हाताला पट्टी.

"मी बसू का?"

"बसा. पण तिच्याकडे पाहायचं नाही. माझ्याकडे पण नाही."

गुडघे दुखतात म्हणून त्यांनी पाट आणला आणि माझ्या बाजूला, माळ्याकडे पाठ करून बसले. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत. भिंतीवर गीझरच्या कंपनीचं कॅलेंडर. मी पेपर वाचत होतो. एक पान झालं.

"खाली गेटवर पास लागतो," ते कॅलेंडरला म्हणाले. "रोज येणाऱ्या माणसाचा. त्यावर पूर्ण नाव नसेल तर वॉचमन सोडत नाही. दूधवाल्याचंही घेतलंय, पेपरवाल्याचंही. ते खरं आहे."

मी वाचायचा थांबलो.

"पण तेवढंच खरं नाही," ते म्हणाले. "पासासाठी पेन उघडलं हे खरं. पण कान टवकारले होते ते पासासाठी नव्हते. जुनी खोड आहे. कोणी नाव सांगितलं की पुढचं ऐकायची वाट बघायची. वाईट काही मनात नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. परवा दार आपटल्यावर यमुना म्हणाली, वाईट नव्हतं तर वाट कशाची बघत होतात?"

माझी भांडायची तयारी होती, याची नव्हती. मी म्हटलं, "टॉवरमध्ये एकानं नाव ऐकल्यावर काम नाही दिलं."

"असेल. आहेत तसे. मीही तसाच बसलो होतो पेन घेऊन, तुम्हाला फरक कसा कळणार होता?"

स्वयंपाकघरात कढीला फोडणी बसली.

"प्रशिक प्रीतम रंगारी," मी भिंतीला सांगितलं.

"गिरिधर वामन पाठक," ते भिंतीला म्हणाले. "तुम्ही विचारलं नाहीत, तरी."

मग मी पुढचं पान वाचायला घेतलं. बातमी होती उन्हाची, नागपूर पुन्हा राज्यात पहिलं. ते म्हणाले, कशात तरी पहिलं येतो आपण. मला हसू आलं. तेवढ्यात वरून धप्प झालं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, वळू नका म्हणून. बर्फी आमच्या दोघांच्या मधून गेली, अगदी घासून, जणू आम्ही दोन खांब आहोत. आणि सरळ स्वयंपाकघरात. यमुताईंचा आवाज आला, "अगं बाई! आलीस?" आणि मग रडल्यासारखं काहीतरी, पण कढई वाजवून त्यांनी ते झाकलं.

गिरिधररावांना उठवायला मी हात दिला. उठता उठता त्यांनी नेमका पट्टीचाच हात पुढे केला आणि ओरडले.

जाताना यमुताईंनी माझ्या हातात हातोडी दिली. पाटी ठोकून द्यायला लावली. मग किल्ली दिली. म्हणाल्या, "दार हळू लावायचं. कितीही राग आला तरी. राग आला तर आतच ओरड, आम्ही ऐकतो."

दवाखान्यात जाऊन सोनिकाला फक्त एवढंच सांगितलं, "उतरली. किल्ली भेटली." ती म्हणाली, "मालूम आहे मले, यमुताईंनी केला फोन. डॉक्टरसोबतबी बोलल्या त्या, अर्धा तास. डॉक्टरले बोलूच नाही दिलं." आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. तिच्या स्वतःच्या बाटलीतलं पाणी! उन्हात आलो होतो म्हणून असेल.

७ एप्रिल, मंगळवार

फोन, फोन, फोन. सोसायटीतून एका दिवसात इतके, की मी अनोळखी नंबर पण उचलतोय. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, यमुताईंनी सांगितलं. एका मावशींनी त्यांनी नेमकं काय सांगितलं तेही सांगितलं. "पोरगा तापट आहे, आधीच सांगून ठेवते. दार आपटतो. पण मांजरासाठी परत आला. कोण येतं सांगा?"

मी विचारलं, "मग तापट आहे हे ऐकून पण मलेच फोन केला?"

"आमचा कुत्रा पण तापट आहे," त्या म्हणाल्या. "जमेल तुमचं."

उद्यापासून पहाटेच निघावं लागणार. डांबर तापायच्या आत सगळ्यांना फिरवून आणायचं, नाहीतर पंजे भाजतात. आज आईनं विचारलं, डबा लागेल का. डबा! कॉलेजनंतर पहिल्यांदा. बाबा काही बोलले नाहीत, पण माझ्या गाडीच्या चाकात हवा भरलेली होती.

१५ एप्रिल, बुधवार

जयंतीचा आवाज काल दिवसभर. मी पण नाचलो, घसा बसला. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलेला भोंगा मी आपल्याच मंडळाशी भांडून फिरवून घेतला, लंगडी थरथरत होती म्हणून. अध्यक्ष म्हणाला, "तू आमचा आहे का कुत्र्याचा?" मी म्हटलं, दोघांचा.

बर्फी मजेत आहे. रोज तिच्याकडे पाठ करून बसतो आणि ती माझ्या पाठीला पाठ लावून झोपते. गिरिधररावांना रोज फोटो पाठवतो. काल त्यांनी पुण्याहून लिहिलं, जयंतीच्या शुभेच्छा, रंगारी. मी लिहिलं, धन्यवाद, पाठक.

१६ एप्रिल, गुरुवार

आज एक वेगळंच काम आलं. सोनिकाकडून, पण या वेळी गिऱ्हाईक ती स्वतः.

काउंटर पुसत म्हणाली, "रविवारी घरी येतो का? खापरखेड्याले. आमच्या कुत्र्याचे नखं वाढले."

"तुमच्याकडे कुत्रं आहे?"

"आहे एक."

कधी बोलली नाही! मी वही काढली. "नाव काय?"

तिनं छताकडे बघितलं. "राजा."

"वय?"

"असन."

"असन म्हणजे? चावते का?"

"तू ये नं बाप्पा!" ती एकदम ओरडली. कंपाउंडर आतून हसला. तिचे कान लाल झाले, उकाडा फार आहे. मग हळू म्हणाली, "बाबा घरी राहतीन. आईबी. बाबा पूर्ण नाव विचारतीन, ते साऱ्याइले विचारतेत. चिडशील नाही नं?"

मी म्हटलं, आता नाही चिडत. सांगून टाकतो.

"आणि त्याइले काय सांगू, कोण येऊन राहिला म्हणून?" तिनं विचारलं.

"सांग नं, ज्याचा नंबर तू देते तो."

तिनं कपडा काउंटरवर ठेवला, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. पहिल्यांदा असं. मग म्हणाली, "ते तर कवाचं सांगून ठेवलं."

ती माझ्या धंद्यासाठी किती करते! आणि मी तिचं आडनाव पण अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही. मी कोणालाच विचारत नाही.

१९ एप्रिल, रविवार

उभ्यानंच लिहितोय, निघायचं आहे.

आज घरातली माणसं विचित्र वागतायत. मी आईला सांगितलं होतं की खापरखेड्याला एका कुत्र्याची नखं कापायला जातोय, दवाखान्यातल्या सोनिकाच्या घरी. तर तिनं माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. नखं कापायला इस्त्रीचा शर्ट कशाला? कुत्रा अंगावर चढला की संपला शर्ट. ती म्हणाली, "नाही चढत तो कुत्रा. घाल." बाबा अंगणात गाडी पुसत होते. माझी गाडी! टाकीत पेट्रोलही भरून आणलं. वर म्हणाले, "बर्डीच्या बाजारावरून जाशील तर संत्रा बर्फी घेऊन जा. खाली हात नको जाऊ." मीठ सोडून दुसऱ्या विषयावरचं पहिलं वाक्य, आणि तेही बर्फीबद्दल.

राजाचा विचार करतोय. घरातले कुत्र्याला गेटापासून हाकलतात आणि तरी तो तिथं टिकून आहे, म्हणजे भ्यालेला असणार. अशाला आधी हात लावायचा नाही. मी अंगणात पाठ करून बसेन, पेपर सोबत घेतलाय. तिचे वडील काय म्हणतील ते म्हणोत. आणि नाव विचारलं तर आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं आहे, न चिडता, नीट, पूर्ण. आई पडद्यामागून ऐकत होती बहुतेक.

पैसे किती घ्यायचे हे मात्र ठरवलं नाही. सोनिकाकडून कसे घेणार? नाही घेतले तर ती म्हणेल, फुकटात नको करू. तिथं गेल्यावर बघू.

नखं कापायचं कटर, पावडर, टॉवेल, बिस्किटं. सगळं घेतलं. लंगडी उंबऱ्याशी बसून माझ्या शर्टाकडे बघतेय, आई खिडकीतून, बाबा गाडीपाशी. कोणी काही बोलत नाहीये.

चला. वही ठेवली. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो. हळू.